अल्जिनेट जेल पीबीएसमध्ये एका रात्रीत फुटतंय, डॉकिंग स्कोअर मात्र चांगला येतोय. नेमकं कुठे चुकतंय?

निळीशाई

नमस्कार मंडळी. पीएचडीचं पहिलं वर्ष संपत आलंय, मूळची मी ऑरगॅनिकवाली, पॉलिमरशी संबंध फारसा कधी आला नव्हता. विषय असा आहे की जखमेवर लावायचं अल्जिनेटचं (समुद्री शेवाळातल्या साखरेच्या लांब साखळ्यांचं) हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारं जेल करायचं, त्यात डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक भरायचं आणि ते निदान चार-पाच दिवस थोडंथोडं सुटत राहिलं पाहिजे. सोबत मॉडेलिंगचा एक चॅप्टर हवाच असं गाइडचं म्हणणं आहे.

मी काय करतेय ते सांगते. सोडियम अल्जिनेट २ टक्के, रात्रभर स्टररवर ठेवून विरघळवते, त्यात औषध घालते, साच्यात ओतून वरून १०० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड सोडते. वरचा थर डोळ्यादेखत घट्ट होतो पण मध्ये बोटाने दाबलं की आत पातळच लागतं. मग धुवून ३७ अंशाला पीबीएस या नेहमीच्या खारट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ठेवते. दोन तासांत बफर पिवळाधमक, म्हणजे औषध बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर जेल फुगून कडा झिजलेल्या, बफर गढूळ आणि तळाशी बारीक पांढरी पूड. पहिल्यांदा वाटलं जंतू वाढले, सगळं निर्जंतुक करून परत केलं, तरी तेच.

इकडे डॉकिंगमध्ये (म्हणजे औषध कुठे किती घट्ट चिकटेल याचा संगणकावरचा अंदाज) १० युनिटची अल्जिनेटची साखळी बांधली, मिनिमाइझ केली (कमीत कमी ऊर्जेच्या आकारात आणली), व्हिना या प्रोग्राममध्ये औषध डॉक केलं, स्कोअर आला −५.९ (जितका जास्त ऋण तितकी पकड घट्ट). कायटोसान या दुसऱ्या पॉलिमरच्या साखळीला −५.४. म्हणून मी लिहिलं की अल्जिनेट औषधाला जास्त घट्ट धरतं. परवा प्रेझेंटेशनमध्ये एका मॅडमनी शांतपणे एवढंच विचारलं, "घट्ट धरतं तर दोन तासांत बाहेर कसं आलं?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून झोप नीट लागत नाहीये. जेलमध्ये चुकतंय की मॉडेलमध्ये की दोन्हीकडे, कुणी समजावून सांगेल का?

पिपेटवाली

तुझी ती पांढरी पूड म्हणजेच तुझं उत्तर आहे गं (तू म्हटलं तर चालेल ना, मी बरीच पुढची आहे).

पीबीएसमधला पी म्हणजे फॉस्फेट, साधारण १० मिलिमोलर. अल्जिनेटच्या साखळ्यांना एकत्र बांधून ठेवतं ते कॅल्शियम, आणि फॉस्फेटला कॅल्शियम मिळालं की ते त्याला सोडत नाही, कॅल्शियम फॉस्फेट होऊन तळाला बसतं. जंतूबिंतू काही नाही, तुझ्या जेलच्या गाठी सुटून तळाशी जमल्यात. वर पीबीएसमध्ये १३७ मिलिमोलर सोडियम क्लोराइड आहेच, ते सोडियम कॅल्शियमच्या जागी जाऊन बसतं, साखळ्या एकमेकींना ढकलायला लागतात आणि जेल फुगतं. तू सांगितलेला क्रम अगदी तसाच आहे, आधी फुगणं मग झिजणं.

हे मी इतक्या ठामपणे सांगतेय कारण माझे स्वतःचे आठ महिने यात गेले. ज्या लॅबमध्ये होते तिथे सगळ्या रिलीज टेस्ट पीबीएसमध्येच व्हायच्या, कुणी कधी विचारलंच नाही की या मटेरियलला तो बफर चालतो का. मी अल्जिनेटचे तीन ब्रँड बदलले, क्रॉसलिंकिंगच्या (साखळ्या एकमेकींना जोडण्याच्या) वेळा बदलल्या, आणि एके दिवशी गाळून घेतलेली ती पूड पातळ आम्लात टाकली तर लगेच विरघळली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बफर बदलल्यावर तीच जेल आठवडाभर टिकली. त्या आठ महिन्यांचं अजून वाईट वाटतं, म्हणून हा प्रश्न दिसला की मी उत्तर दिल्याशिवाय राहत नाही.

आता काय करायचं. जखमेसाठीच आहे ना, मग जखमेतल्या स्रावासारखं द्रावण वापर, ड्रेसिंगच्या चाचण्यांमध्ये सोडियम आणि कॅल्शियम क्लोराइडचं एक द्रावण सर्रास वापरतात, लिटरला १४२ मिलिमोल सोडियम आणि २.५ मिलिमोल कॅल्शियम. पीएच सांभाळायचा असेल तर हेपीस बफर घाल, फॉस्फेट नको. सोडियममुळे थोडं फुगेल पण ते खरं फुगणं आहे, जखमेवरही तसंच होणार, ते लपवायचं नाही.

आत पातळ राहतं त्याचं कारण वेगळं. कॅल्शियम क्लोराइडमधलं कॅल्शियम पहिल्या क्षणी भेटेल त्या साखळीला पकडतं, बाहेर कवच तयार होतं आणि मग त्याच कवचातून कॅल्शियमला आत जावं लागतं. त्यापेक्षा कॅल्शियम आतच पेरून ठेव, कॅल्शियम कार्बोनेटची अगदी बारीक पूड अल्जिनेटमध्ये ढवळायची, ती विरघळत नाही म्हणून लगेच काही होत नाही, मग जीडीएल म्हणजे ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन ताजं विरघळवून घालायचं. ते पाण्यात सावकाश आम्ल होतं, कार्बोनेट सावकाश विरघळतं, सगळीकडे सारखं कॅल्शियम सुटतं. कार्बोनेट एक मोल तर जीडीएल दोन मोल हे प्रमाण पाळलंस तर पीएच शेवटी उदासीनच्या जवळ राहतो. जीडीएलचं द्रावण आधी करून ठेवू नकोस, ठेवल्या ठेवल्याच ते आम्ल व्हायला लागतं आणि मग ओतताओतताच गुठळ्या होतात.

अजून दोन गोष्टी. अल्जिनेट ऑटोक्लेव्ह करत असशील तर थांब, उष्णतेने साखळ्या तुटतात आणि जेल कमजोर होतं, पातळ करून फिल्टरने निर्जंतुक कर. आणि बाटलीवर फक्त 'सोडियम अल्जिनेट' लिहिलंय का एम आणि जी (अल्जिनेटची साखळी ज्या दोन प्रकारच्या साखर-युनिटची बनते ती) यांचं प्रमाणही दिलंय ते बघ. लॅमिनारिया हायपरबोरिया या समुद्री शेवाळाच्या देठातलं अल्जिनेट जी-बहुल असतं, कडक जेल देतं, मॅक्रोसिस्टिस या दुसऱ्या शेवाळाचं त्यामानाने मऊ. प्रमाण दिलेलं नसेल तर प्रोटॉन एनएमआर करून घे, नाहीतर उद्या बाटली बदलली की सगळे आकडे बदलतील आणि का बदलले ते कळणार नाही.

सरळरेषा

मॉडेलिंगचा चॅप्टर काढून टाका असं स्पष्ट सांगतो. पॉलिमर जेलमध्ये डॉकिंग करून शेवटी रंगीत चित्रं मिळतात आणि रिव्ह्यूअर खूश होतात, बाकी काही होत नाही. खऱ्या अल्जिनेटची साखळी शेकडो युनिटची, प्रत्येक साखळीची लांबी वेगळी, एम आणि जीचा क्रम वेगळा, त्याला १० युनिटची एक काडी घेऊन तुम्ही काय सिद्ध करणार? तो वेळ रिलीज टेस्ट तीन-तीनदा करण्यात घालवा.

वळणकोन

सरळरेषा यांचा राग मला कळतो, अशी चित्रं मीही भरपूर पाहिलीत, पण चॅप्टर काढा हे मला पटत नाही. मॉडेलला प्रश्नच चुकीचा विचारला गेलाय, तो बदलला तर हेच मॉडेल कामाचं आहे.

आधी डॉकिंगचं बघू. व्हिनासारखे प्रोग्राम प्रोटीनच्या खोबणीसाठी घडवलेत, तिथे आकार ठरलेला असतो, औषध आत जाऊन बसतं. अल्जिनेटच्या साखळीला खोबणच नाही. पाण्यात ती सतत वळत असते, तुम्ही तिला एका पोझमध्ये गोठवली आणि औषध तिला चिकटवून बघितलं. −५.९ आणि −५.४ मध्ये अर्ध्या किलोकॅलरीचा फरक, आणि या स्कोअरची स्वतःची चूकच दोन-तीन किलोकॅलरीची असते. त्यामुळे त्या दोन आकड्यांवरून अल्जिनेट जास्त घट्ट की कायटोसान हे ठरतच नाही. मॅडमनी विचारलं ते बरोबर विचारलं.

पण माझ्या मते खरी गोष्ट वेगळीच आहे. तुमच्या डॉकिंगमध्ये कॅल्शियम होतं का? मला खात्री आहे नव्हतं, कारण साखळी बांधताना कुणी घालत नाही. आणि तुमचं औषध कोणतं, तर डॉक्सिसायक्लिन! टेट्रासायक्लिन गटातलं! ही औषधं कॅल्शियमला चिमट्यासारखी पकडतात, म्हणून तर ती दुधाबरोबर घेऊ नका असं सांगतात. म्हणजे तुमच्या जेलमध्ये एकाच कॅल्शियमसाठी तिघांची ओढाताण चाललीय, अल्जिनेट, औषध आणि बफरमधलं फॉस्फेट, आणि मॉडेलमध्ये तिघांचा जो विषय तोच गायब.

आता विचारायचा प्रश्न बघा: दोन जी-साखळ्यांमध्ये अडकलेल्या कॅल्शियमजवळ डॉक्सिसायक्लिन आलं तर ते साखळ्यांसकट त्याच कॅल्शियमला तिसरा भागीदार म्हणून जोडलं जातं, की कॅल्शियम घेऊन निघून जातं? याला शेकडो युनिट लागत नाहीत. अल्जिनेटमध्ये कॅल्शियम कसं बसतं त्याचं 'एग-बॉक्स' मॉडेल १९७३ पासून आहे, जी-युनिटच्या साखळीला नागमोडी खळगे पडतात आणि दोन साखळ्यांच्या खळग्यांत कॅल्शियम अंड्यासारखं बसतं. ८-८ किंवा १२-१२ युनिटच्या दोन साखळ्या, चार्ज भागेल इतकं कॅल्शियम, भरपूर पाणी, आणि चार-सहा औषधाचे रेणू, एवढं पुरे. हे मॉलिक्युलर डायनॅमिक्स आहे, म्हणजे रेणू वेळेनुसार कसे हलतात याचं सिम्युलेशन, डॉकिंग नाही.

जिथे लोक हमखास अडकतात ते लिहून ठेवतो.

एम आणि जी यांच्यात फरक फक्त पाचव्या कार्बनचा आहे. जिवाणूतली एपिमरेज एन्झाइमं तयार साखळीतच तो कार्बन उलटवून एमचं जी करतात, इतका छोटा फरक. पण त्यामुळे रिंगचा आकारच बदलतो, रिंग खुर्चीसारखी वळलेली असते, एमची खुर्ची ४सी१ प्रकारची आणि जीची त्याच्या उलट, १सी४. तुम्ही साखळी कुठल्याशा बिल्डरमध्ये काढली असेल तर प्रत्येक युनिट हाताने तपासा, मी एकदा एका विद्यार्थ्याच्या १२ पैकी ३ युनिटमध्ये पाचवा कार्बन उलटा पाहिलाय, त्याची सगळी रन फुकट गेली. रनच्या शेवटी क्रेमर-पोपल कोन (रिंगचा आकार सांगणारे) काढून खुर्ची टिकलीय का ते बघा. व्हिना तर रिंग कडकच धरतं, ती चुकीची गेली की शेवटपर्यंत चुकीची.

साखरेसाठी साखरेचं फोर्स फील्ड (अणूंमधले जोर ठरवणारा आकड्यांचा संच) वापरा, ग्लायकॅम०६ किंवा चार्म३६. ग्लायकॅम घेतलंत तर त्याचं १-४ स्केलिंग (तीन बंधांच्या अंतरावरच्या अणूंमधला जोर ज्याने भागायचा तो आकडा) १.० असतं आणि औषधाला वापराल त्या गॅफ फोर्स फील्डचं १.२ आणि २.०, दोन्ही एकाच फाइलमध्ये नांदतात पण एका प्रोग्राममधून दुसऱ्यात टोपॉलॉजी (रेणूच्या मांडणीची फाइल) नेताना ते कुठे पुसलं तर जात नाही ना हे बघा. पुसलं गेलं तर एरर येत नाही, रन छान चालते आणि वळणकोन सगळे चुकीचे येतात.

आणि कॅल्शियम. पूर्ण +२ चार्जचं साधं कॅल्शियम कार्बॉक्सिलेटला गरजेपेक्षा जास्त चिकटतं, एकदा बसलं की रन संपेपर्यंत हलत नाही, आणि आपल्याला तर त्याची अदलाबदलच बघायचीय. म्हणून चार्ज ०.७५ ने गुणून घेण्याची पद्धत आहे, किंवा आयनांसाठी खास १२-६-४ प्रकारचे पॅरामीटर आहेत. दोन्हींनी करून बघा. दोन्हीकडे तोच क्रम आला तर लिहा, नाही आला तर तसंही लिहा.

औषधाचा चार्जही बघा. पीएच ७.४ ला डॉक्सिसायक्लिनवर एकाच वेळी धन आणि ऋण दोन्ही भार असतात, एकूण शून्याच्या आसपास. डाउनलोड केलेली फाइल बहुतेक वेळा तटस्थ रूपाची असते.

निळीशाई

वळणकोन सर, खरंच नव्हतं कॅल्शियम. रिसेप्टर तयार करताना आयन काढून टाका असं ट्युटोरियलमध्ये होतं म्हणून मी काही विचार न करता काढले.

एक शंका, औषध जर कॅल्शियमला धरतं तर ते जेलमध्ये टिकायला हवं ना? मग दोन तासांत पिवळं का होतंय?

पिपेटवाली

कारण तू ठेवलंस त्या बफरमध्ये कॅल्शियमच शिल्लक राहत नाही. आणि अजून एक, औषधाचं हायक्लेट हे क्षाररूप वापरत असशील तर त्याचं पाण्यातलं द्रावण चांगलंच आम्लधर्मी असतं, तिथे औषधावर धन भार, अल्जिनेटवर ऋण, त्यामुळे बनवताना चिकटून बसल्यासारखं वाटतं. ७.४ ला गेलं की एकूण भार शून्याच्या आसपास येतो, निव्वळ धन भार उरत नाही आणि पकड सुटते.

शिवाय तुझं स्टँडर्ड कर्व्ह (माहीत असलेल्या प्रमाणांवरून काढलेला मोजणीचा आलेख) कशात काढलंयस? कॅल्शियमशी जोडलं गेल्यावर डॉक्सिसायक्लिनचा यूव्हीतला पीक लांब तरंगलांबीकडे सरकतो. साध्या पाण्यात कर्व्ह काढून कॅल्शियमवाल्या बफरचं रीडिंग त्यावर बसवलंस तर आकडे खोटे येतील. त्याच द्रावणात, तेवढ्याच कॅल्शियमसह कर्व्ह काढ. आणि व्हायल फॉइलमध्ये गुंडाळ, हे औषध प्रकाशात खराब होतं.

औषधरेणू

मी औषधाच्या बाजूने थोडं लिहितो. जेलची जाळी आणि औषधाचा आकार यांचा हिशोब करा. अल्जिनेटच्या जाळीची भोकं काही नॅनोमीटरची, डॉक्सिसायक्लिन ४४४ डाल्टन, म्हणजे जेमतेम एक नॅनोमीटर. मोठं प्रोटीन त्या जाळीत अडकेल, हे नाही अडकणार. त्यामुळे बफर बदलला, जेल सुंदर टिकलं, तरी औषध बऱ्यापैकी लवकर बाहेर येईल, तेव्हा निराश होऊ नका. रेणूला धरून ठेवणारं काहीतरी जाळीला जोडावं लागतं, आणि ते काहीतरी डिझाइन करताना मॉडेलिंग खरंच उपयोगी पडतं. सरळरेषा यांच्यासाठी दोन उदाहरणं देतो, दोन्ही साखरेची.

पहिलं झानामिविर. फ्लूच्या विषाणूचं न्यूरामिनिडेज एन्झाइम सायलिक अॅसिड कापतं. त्याची क्रिस्टल रचना १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियात पीटर कोलमन आणि जोसेफ व्हर्गीज यांनी काढली. मार्क फॉन इट्झस्टाइन यांच्या गटाने ग्रिड नावाच्या प्रोग्रामने त्या खोबणीत कुठे कोणता गट आवडेल याचा नकाशा काढला, आणि चौथ्या कार्बनवरच्या हायड्रॉक्सिलच्या जागी धन भाराचा गट हवा असं दिसलं, कारण समोर ग्लुटामेट बसलेत. आधी अमिनो, मग ग्वानिडिनो लावला, पकड हजारो पटींनी वाढली. १९९३ ला प्रसिद्ध झालं, १९९९ ला औषध बाजारात. पण ते इतकं पाण्यासारखं ध्रुवीय होतं की तोंडावाटे घेऊन शोषलंच जात नाही, म्हणून पावडर श्वासातून घ्यावी लागते. मॉडेलने पकड सांगितली, शोषणाचं त्याला कुणी विचारलं नव्हतं.

दुसरं मला फार आवडणारं, सुगामाडेक्स. भूल देताना रोक्युरोनियमने स्नायू सैल करतात, शस्त्रक्रिया संपली की त्याचा परिणाम उतरवायचा असतो. ऑर्गनॉनमध्ये अँटन बॉम आणि सहकाऱ्यांनी ठरवलं की शरीरातल्या रिसेप्टरला हात न लावता औषधालाच पिंजऱ्यात पकडायचं. पिंजरा म्हणजे सायक्लोडेक्स्ट्रिन, ग्लुकोजची कडी, आतून तेलकट आणि बाहेरून पाण्याला आपलंसं करणारी. अल्फात ६ ग्लुकोज, बीटात ७, गॅमात ८. रोक्युरोनियमचा स्टिरॉइड सांगाडा मोठा म्हणून गॅमा घेतली, पण खोली कमी पडत होती, तर आठही ग्लुकोजवर एकेक शेपूट लावून टोकाला कार्बॉक्सिलेट ठेवला, पिंजरा खोल झाला आणि टोकाचे ऋण भार रोक्युरोनियमच्या धन नायट्रोजनला ओढायला लागले. युरोपात २००८ ला मंजुरी मिळाली, अमेरिकेत २०१५ ला.

तुम्हाला सुचवायचं असं की अल्जिनेटच्या साखळीवर सायक्लोडेक्स्ट्रिन जोडून बघा. खोबण आहे, आकार बराचसा ठरलेला आहे, पाहुणा एक आहे, म्हणजे इथे डॉकिंगने सुरुवात करून पुढे फ्री एनर्जीपर्यंत (पकडीच्या ऊर्जेच्या हिशोबापर्यंत) गेलात तरी अर्थ आहे, आणि तोच आकडा तुम्ही टायट्रेशनने टेबलावर मोजू शकता. साध्या बीटाची विद्राव्यता कमी असते, लिटरला १८-१९ ग्रॅमच, ते लक्षात ठेवून प्रयोग आखा.

सरळरेषा

सुगामाडेक्सचं उदाहरण मान्य. मी जे बोललो ते खोबण नसलेल्या साखळीवरच्या डॉकिंगबद्दल होतं आणि त्यावर अजून ठाम आहे. कॅल्शियमचा प्रश्न घेऊन सिम्युलेशन करणार असाल तर जरूर करा, पण आधी अंदाज लिहून ठेवा आणि मग प्रयोग करा. प्रयोगाचा निकाल बघून सिम्युलेशन जुळवत बसायचं, हे होऊ देऊ नका.

निळीशाई

साडेतीन आठवड्यांनी परत येतेय, उशिराबद्दल माफ करा, पण रिकाम्या हाताने यायचं नव्हतं.

बफर बदलला. सोडियम-कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण अधिक हेपीस. जीडीएलवाली पद्धत तिसऱ्या प्रयत्नात जमली, पहिल्या दोनदा कार्बोनेट तळाशी बसलं होतं, मग ओतायच्या आधी जोरात व्हॉर्टेक्स केलं. आता चिरून बघितलं तरी आतून एकसारखं, पारदर्शक पिवळं. नवव्या दिवशीही चिमट्याने अख्खं उचलता आलं! गाइडना तो तुकडा काचेवर ठेवून दाखवला, ते बराच वेळ बघत राहिले.

औषध मात्र औषधरेणू म्हणाले तसंच, पहिल्या दिवसात बरंचसं बाहेर. पण संपूर्ण नाही. थोडा पिवळेपणा शेवटपर्यंत जेलमध्ये राहतोय.

सरळरेषा सरांचं ऐकून अंदाज आधी लिहून तारीख टाकून वहीत चिकटवला: कॅल्शियम वाढवलं तर मागे राहणारं औषध वाढेल. सिम्युलेशनच्या पहिल्या रनमध्ये पूर्ण चार्जच्या कॅल्शियमने औषध दोन साखळ्यांच्या कडेला, अर्ध्या मोकळ्या कॅल्शियमवर बसतं, मधल्या भरलेल्या खळग्यात शिरत नाही. कमी केलेल्या चार्जची रन चालू आहे. पाचव्या कार्बनची तपासणी केली, माझ्याकडे एक उलटा सापडला. म्हणजे जुनं −५.९ तर मुळातच चुकीच्या साखळीचं होतं.

आता मागे राहिलेलं औषध कॅल्शियमनेच धरलंय हे दाखवायचं कसं?

पिपेटवाली

एका अख्ख्या जेलला ईडीटीए (कॅल्शियम खेचून घेणारं रसायन) घालून पूर्ण विरघळव आणि किती औषध निघतं ते मोज, म्हणजे एकूण हिशोब लागेल. मग त्याच औषधाची कॅल्शियमला न पकडणाऱ्या, साधारण तेवढ्याच आकाराच्या एखाद्या रंगद्रव्याशी तुलना कर, तेच जेल, तोच बफर. रंगद्रव्य सगळं बाहेर आलं आणि डॉक्सिसायक्लिन मागे राहिलं तर तुझं म्हणणं भक्कम होईल. रंगद्रव्य ऋण भाराचं घे, धन भाराचं नको, नाहीतर ते अल्जिनेटलाच चिकटेल आणि परत तोच गोंधळ. आणि प्रत्येक वेळी बफर काढशील तेव्हा त्यातलं कॅल्शियमही मोजून ठेव, औषधासोबत ते किती बाहेर येतंय ते कळेल, वळणकोनांना त्यांच्या रनशी ताडून बघायला तोच आकडा लागणार आहे.